दोनदा सैल केलेला फ्रॉक

६ जुलै

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही नुसतं "कोण? कोण बोलतंय?" करता, मी ओरडून ओरडून घसा फोडते आणि शेजारची म्हातारी येऊन विचारते, भांडण झालं का गं? त्यापेक्षा पत्र बरं. चष्मा शोधा. डोक्यावर असेल. मग बसून वाचा.

बातमी चांगली आहे. तुमची काडी जेवायला लागली!

हसू नका. तुम्हीच नातीचं नाव काडी ठेवलंत, आणि आठ वर्षांची झाली तरी पोरगी नावाला जागतेच आहे. घरी काय तमाशा चालतो तुम्ही बघितलाय. मी चमचा घेऊन तिच्या डोक्याशी उभी, एक डोळा घड्याळावर, एक तिच्या तोंडावर. चिऊचा घास, काऊचा घास करून ते चिऊ-काऊसुद्धा कंटाळले असतील. आणि मी दिवसभर करते काय, तर शाळेचे फ्रॉक शिवते! दुसऱ्यांच्या पोरींच्या अंगावर माझा फ्रॉक कसा चापून बसतो, आणि माझ्या पोरीच्या अंगावर हँगरला अडकवल्यासारखा लोंबतो. शिवणखान्यातल्या बाया विचारतात, "अगं, घरी चूल पेटवतेस की नाही?" हसतच विचारतात, पण लागतं.

तर ऐका. एप्रिलात शाळा सुरू झाली तेव्हापासून, सुट्टीचे दिवस सोडले तर, डबा रिकामा येतोय. चाटूनपुसून. बोललं की बिघडतं म्हणून मी इतके दिवस गप्प होते. परवा मुद्दाम वाटाणे घातले. वाटाणे बघितले की ही ओकायची, आठवतंय ना? तेही गेले! घरी अजून तीच रडकथा आहे, पण एका वेळेचं तरी पोटात जातंय. शेवटी माझ्या हाताला चव आली म्हणायची.

या वर्षी तिच्या बाकावर एक नवी मुलगी आलीये. अंगानं चांगली तगडी. दिवसभर तिचंच कौतुक ऐकायचं, ती अशी हसते, ती अशी धावते. असो, मैत्रीण मिळाली हे बरं झालं, नाहीतर आमची कोपऱ्यात बसणारी.

यांची गोदामात पाळी बदलली, त्यामुळे घरात आम्ही दोघीच असतो. तुम्ही जेवता ना नीट? की चहात बिस्किटं बुडवून दिवस ढकलता? खरं सांगा.

तुमची ठकी

१४ जुलै

ठके,

चष्मा डोक्यावरच होता. तुला कसं कळतं कोण जाणे.

काडी जेवते हे वाचून बरं वाटलं. तरी म्हातारा बाप म्हणून एक सांगतो, रागावू नकोस. चाळीस वर्षं मी लोकांची डोकी भादरली. गिऱ्हाईक आरशात बघून "वा, छान" म्हणतं, त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. पुन्हा येतं का ते बघायचो. डबा रिकामा आला म्हणजे पोट भरलं असं कुणी सांगितलं? तू लहानपणी रोज उकडलेलं अंडं खायचीस, आणि तुझी आई सगळीकडे सांगत सुटायची, माझी पोर अंडं खाते हो! पुढे कळलं की खिडकीखालचं मांजर बोक्यासारखं का झालंय. खाण तशी माती.

दिवसभर टेप गळ्यात घालून हिंडतेस ना? मग घे की पोरीचं माप. माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही.

माझी काळजी सोड. दोन्ही वेळा चापून जेवतो. काल तर भात दोनदा घेतला.

बाबा

२३ जुलै

प्रिय बाबा,

तुमची जीभ काळी आहे!

घेतलं माप. कंबर जिथल्या तिथे, दंड जिथल्या तिथे. वर्षाच्या सुरुवातीला मीच घेतलेलं माप आणि आजचं माप यात बोटभर फरक नाही. तीन महिने रोज डबाभर जेवणारी पोर जरा तरी भरायला नको का? तुमचं ते मांजरच आठवलं.

आणि पुढचं ऐका. आम्ही प्रत्येक फ्रॉकच्या गळ्याला आतून वर्ग आणि हजेरी क्रमांक शिवतो, म्हणजे शाळेत अदलाबदल होत नाही. परवा माझ्या मशीनवर एक फ्रॉक आला, कंबर सैल करायला. हा फ्रॉक मी ओळखते. दीड महिन्यापूर्वी मीच तो सैल केला होता. आता पुन्हा. आतलं सगळं कापड सोडलं, आता सोडायला काही उरलंच नाही. सहज गळा उलटून बघितला, तर काडीचाच वर्ग, आणि काडीच्या पुढचाच क्रमांक. पोरींना बाकावर क्रमांकानंच बसवतात. म्हणजे तिच्याच बाकावर बसणारी! ती तगडी मैत्रीण!

दोन आणि दोन चार होतात की नाही? इकडे माझ्या पोरीची कंबर हलत नाही, तिकडे तिची दोनदा सैल होते. मी पहाटे उठून गाजरं किसते, अंडी उकडते, आणि जातं कुणाच्या पोटात? काखेत कळसा नि गावाला वळसा. माझ्या हाताला चव आली म्हणे! माझं मलाच हसू आलं, आणि मग रडू.

काडीला विचारलं. सरळ माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "मीच खाते की." इतकं शांतपणे खोटं बोलायला कधी शिकली? त्या पोरीनं धाक घातलाय की काय?

शाळेत जाऊन बोलावं असं वाटतं, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चार लोकांत माझ्या जिभेला कुलूपच लागतं. काय करू सांगा.

ठकी

३० जुलै

ठके,

काय करू म्हणून काय विचारतेस? जा!

हा भिडस्तपणा तुझ्या आईचा. ती बिचारी आयुष्यभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिली. भीड ही भिकेची बहीण. तुझी पोर वाळत चाललीये आणि ती ढोली तुझ्या कष्टावर फुगतेय, आणि तू विचार करत बसलीस, लोक काय म्हणतील!

आणि बाईंना कोपऱ्यात घेऊन कुजबुजू नकोस. कोपऱ्यात बोललेलं कोपऱ्यातच राहतं. दुकानात कुणी पैसे बुडवून निघालं तर मी भर गिऱ्हाइकांत आवाज द्यायचो, पुन्हा कुणाची हिंमत व्हायची नाही. मधल्या सुट्टीत जा, डबे उघडे असताना. सगळ्यांसमोर बोल. एकदाच बोल, पण खणखणीत.

काय झालं ते लगेच कळव. मला चैन पडणार नाही.

बाबा

७ ऑगस्ट

प्रिय बाबा,

गेले. बोलले. तुम्ही सांगितलंत तसंच.

शिवणखान्यातून तासाची सुट्टी काढून मधल्या सुट्टीत वर्गात गेले. दारातूनच दिसलं, दोघी एका बाकावर, दोघींचे डबे उघडे, आणि त्या पोरीच्या तोंडात घास. मग मला काही सुचेना, नुसती तिडीक उठली. म्हटलं, "माझ्या मुलीचा डबा रोज कोण संपवतं ते बघायला आलेय मी." बाई म्हणाल्या, काय झालं, आपण बाहेर बोलू. मी म्हटलं, "बाहेर कशाला? इथेच बोलते. हिच्या फ्रॉकची कंबर मी माझ्या हातानं दोनदा सैल केलीये. दोनदा! आणि माझ्या मुलीची बोटभर वाढत नाही. ते खाणं जातं कुठे, सांगा ना."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

ती पोर उभी राहिली होती, मोठ्यांशी बोलताना उभं राहतात तशी. तिनं तोंडातला घास हातात काढला आणि मूठ मिटली. टाकलाही नाही, गिळलाही नाही. तशीच मूठ मिटून उभी राहिली.

बाबा, मला जरा कसंसंच झालं. पण तोवर बोलून झालं होतं.

बाईंनी दोघींचे बाक वेगळे केले. काडी माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर हं, नाही तर तेही नाही. होईल चार दिवसांत नीट, पोरंच ती. आणि एक सांगते, बाक बदलल्यावरही डबा रिकामाच येतोय. म्हणजे आता तरी माझ्या पोरीच्याच पोटात जातोय. मग मी केलं ते बरोबरच केलं, नाही का?

तुम्ही म्हणा ना, बरोबर केलं म्हणून.

ठकी

१६ ऑगस्ट

प्रिय आजोबा,

आईनं मला सांगितलं की आजोबांना लिही, मी मजेत आहे. ते पत्र मी लिहिलं आणि फाडलं. हे दुसरं आहे. हे माझे बाबा पोस्टात टाकतील, पण मी त्यांना वाचू देणार नाही.

आजोबा, डबा मीच खात होते. सगळा. वाटाणे पण. सरदारनं माझं काहीच खाल्लं नाही, फक्त एकदा अर्धं गाजर खाल्लं, ते पण मी दिलं म्हणून. सरदार म्हणजे माझी मैत्रीण. आमचा खेळ होता. ती सरदार आणि मी शिपाई. सरदारनं घास घेतला की शिपायानं घ्यायचा. सरदार चावेल तेवढा वेळ शिपायानं चावायचं. सरदार वाटाण्याला घाबरत नाही, मग शिपायानं घाबरायचं नसतं. कधी कधी ती डोळे मोठे करून चावते, मग मला हसू येतं आणि घास कधी खाली गेला ते कळतच नाही.

घरी आई घास घेत नाही. ती उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मग घास मोठा मोठा होतो.

सरदार मोठी आहे कारण ती मोठी आहे. तिची आई पण मोठी आहे. आणि मी वाढले. शाळेच्या भिंतीवर खूण केली तेव्हा बाई म्हणाल्या, अरे वा, किती उंच झालीस! आईनं कंबरच मोजली.

आता वर्गात सगळे सरदारला "सैल कंबर" म्हणतात. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसते. मी गेले तर म्हणाली, जा तू, तुझी आई येईल. तिनं डबा उघडलाच नाही. आता ती कुणासमोर खात नाही. मी पण खात नाही. शिपाई एकटा कसा खाईल? माझा डबा मी कोपऱ्यावरच्या कुत्रीला देते. तिला पिल्लं आहेत. म्हणून आईला रिकामा दिसतो.

आईला सांगू नका. ती रडेल आणि मग माझ्यावरच ओरडेल.

तुम्ही कुणाबरोबर जेवता?

तुमची काडी

२४ ऑगस्ट

प्रिय बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना? पण वाट बघत बसवत नाही, मला हे कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि इथे कुणाला सांगू? यांना सांगायचं म्हणते, तर तोंड उघडत नाही.

तो फ्रॉक परत आला.

काल दुपारी एक बाई आल्या. उंच, आडव्या बांध्याच्या, हात पाण्यानं पांढरेफटक सुरकुतलेले. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुतात. पिशवीतून फ्रॉक काढला आणि म्हणाल्या, "मागे तुम्हीच सैल केला होतात ना? छान केलात हो, कुठे जोड दिसत नव्हता. आता जरा आत घ्या. पोर सुकत चाललीये."

मी फ्रॉक हातात घेतला. माझेच टाके, बाबा. गळा उलटून बघायची गरजच नव्हती.

त्या बोलत होत्या. वर्गात कुणीतरी बाई येऊन पोरीला काहीबाही बोलून गेली म्हणे. पोर नाव सांगत नाही, काय बोलली तेही सांगत नाही. घरी ताट घेऊन दाराआड जाऊन बसते आणि तसंच परत आणून ठेवते. "माझी पोर मिटक्या मारत जेवायची हो," त्या म्हणाल्या, "तिला बघून माझा शीण जायचा. आता बघू नको म्हणते."

मी मान हलवत होते. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. शिवताना असतात तशा, ओठात धरलेल्या. बरं झालं होत्या. एकेक काढून कापडाला लावली, कंबर चिमटीत धरली, किती आत घ्यायचं ते विचारलं. सगळ्या टाचण्या लावून झाल्या. तोंड रिकामं झालं. तरी मी बोलले नाही. मी म्हटलं, "आठवड्यानं या." इतकंच. मीच ती बाई, हे माझ्या तोंडातून निघालं नाही.

जाताना त्यांनी मला दोनदा "बरं का ताई" म्हटलं.

बाबा, मला माझी इतकी लाज वाटतेय की मशीनवर बसल्या बसल्या कान तापतात. एवढ्याशा पोरीचं माप मी भर वर्गात सांगितलं. मापाला आलेल्या बाईचं माप आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं बोलत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मालकीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

आणि काडीचा डबा अजून रिकामाच येतो, पण तिचे गाल बसलेत. मला काहीच कळेनासं झालंय.

ठकी

२५ ऑगस्ट

ठके,

उशीर झाला. आठवडाभर पत्र लिहितोय आणि फाडतोय. सोबत काडीचं पत्र ठेवलंय. आईला सांगू नका असं तिनं लिहिलंय आणि मी तिचा शब्द मोडतोय. पण तुझ्याकडून आणखी चूक होऊ नये म्हणून मोडतोय. आधी ते वाच, मग माझं वाच.

वाचलंस?

आता यात तुझ्या चुकीइतकीच माझी चूक आहे, जास्तच आहे. टेप काढ असं मी म्हटलं. सगळ्यांसमोर बोल असं मी म्हटलं. इथे खुर्चीत बसून एका लेकराला मी ढोली म्हटलं, तिचं तोंडही न बघता. सत्तरी ओलांडली, पण अक्कल आली नाही.

आणि हे मला कळायला हवं होतं गं. मलाच कळायला हवं होतं. दुकानात लहान मूल आलं, कात्री बघून भोकाड पसरलं, की मी काय करायचो? बापाला धरून ठेवायला सांगायचो? नाही. दुसरं एखादं पोर हसत केस कापून घेत असेल त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवायचो. ते त्याच्याकडे बघायचं, आणि माझी कात्री चालून जायची. धरून ठेवणारा बाप मी दुकानाबाहेर पाठवायचो. आयुष्यभर हेच केलं, आणि माझ्याच नातीच्या वेळी विसरलो.

एक खोटं मीही बोललो. दोनदा भात घेतला म्हणून लिहिलं होतं ना? तुझी आई गेल्यापासून मी ताट घेतलेलं नाही. ओट्यापाशी उभा राहतो, पातेल्यातून चार चमचे तोंडात टाकतो, भांडं पाण्यात घालतो. कधी तेही नाही. समोर कुणी नसलं की घास फिरत राहतो तोंडात. काडीनं विचारलं, तुम्ही कुणाबरोबर जेवता, आणि मी ते पत्र हातात धरून बसून राहिलो. एकट्यानं घास उतरत नाही, हे मला रोज दोन वेळा कळत होतं, ठके. आणि तरी तुला म्हटलं, जा, चार लोकांत बोल.

त्या पोरीकडे जा. मी सांगतो म्हणून नको जाऊस, माझं ऐकून काय झालं ते बघितलंसच.

बाबा

६ सप्टेंबर

प्रिय बाबा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमचं आलं तेव्हा मी ओट्याशी उभी राहून वाचलं, आणि काडीचं वाचता वाचता खाली बसले. मग तिला जवळ बोलावलं, सांगितलं की आजोबांनी तुझं पत्र पाठवलंय. ती म्हणाली, "आजोबांना सांगायलाच नको होतं." मग थोड्या वेळानं, "रडलीस का?" मी हो म्हटलं. "ओरडणार आहेस?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघत होती, आता कधी ओरडेल म्हणून.

त्याच संध्याकाळी तिला घेऊन त्या धुलाईघरातल्या बाईंच्या घरी गेले होते. काखेत तो फ्रॉक, टाचण्या तशाच. दार त्यांनीच उघडलं. "अगं बाई, घरी आणून दिलात!" म्हणाल्या. मी म्हटलं, "वर्गात बोलून गेलेली बाई मीच."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि चेहऱ्यावरचं हसू असं उतरत गेलं की मी खाली बघायला लागले. म्हटलं, चुकले, माझा गैरसमज झाला, तुमच्या मुलीमुळेच माझी मुलगी जेवत होती, मला माफ करा. पाठ करून गेले होते, तरी सगळं उलटसुलट झालं.

त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीला बोललात भर वर्गात. आणि माफी दारात मागताय, कुणी नसताना?"

त्यांनी फ्रॉक हातातून घेतला आणि दार लावलं. काडी वाटभर माझा हात धरून चालली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गात गेले. बाईंना आधी विचारलं. फळ्यासमोर उभी राहिले, तीच सगळी पोरं. टेबल धरलं. म्हटलं, "मी त्या दिवशी इथे खोटं बोलले. माझ्या मुलीचा डबा कुणी खात नव्हतं. मी न विचारता एका मुलीवर आळ घेतला, आणि तिच्या कपड्याचं माप तुम्हा सगळ्यांना सांगितलं. शिंपिणीनं असं करायचं नसतं. मी चुकले." एक मुलगा म्हणाला, "मोठी माणसं पण सॉरी म्हणतात?" दोघं-तिघं खुदखुदले. सरदारनं मान वर केली नाही. सगळा वेळ डब्याच्या झाकणावर नखानं रेघा ओढत बसली होती.

सगळं गोड झालं असं समजू नका. परवा पुन्हा कुणीतरी तिला "सैल कंबर" म्हटलंच. तोंडातून गेलेलं परत येत नाही. बाईंनी मात्र दोघींना पुन्हा एका बाकावर बसवलं. डबे दोघींचेही मिटलेलेच राहायचे.

मग गुरुवारी काडी निरोप घेऊन आली. सरदारच्या आईनं सांगितलंय, रविवारी दुपारी जेवायला या. दोघी या. मला वाटलं, आता अजून बोलणी खायची आहेत. खाऊ म्हटलं. खायलाच हवीत.

आज गेलो. एकच खोली आहे त्यांची, दोरीवर कपडे, मधोमध लहान टेबल. टेबलावर भात, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. मी माझ्या सवयीनं काडीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तर सरदारच्या आई म्हणाल्या, "बसा. आमच्यात डोक्याशी उभं राहत नाहीत." माझ्यासाठी ताट वाढलं होतं. मला आठवेना, पोरीच्या शेजारी बसून मी शेवटची कधी जेवले. तिचं झालं की उरलेलं मी उभ्यानंच खाते. तुमच्यासारखंच. खाण तशी माती म्हणालात, ते काय खोटं आहे?

म्हणून म्हणते, तुम्ही सामान बांधा आणि या. इथे ताट आहे, खुर्ची आहे. ऐकू येत नाही म्हणून अडणार नाही, जेवताना कुठे बोलायचं असतं.

सरदार ताट घेऊन दाराआड निघाली होती. काडीनं काही न बोलता आपलं ताट उचललं आणि तिच्यामागे निघाली. सरदार थांबली. काडीकडे बघितलं, तिच्या ताटाकडे बघितलं. मग परत येऊन बसली, माझ्या अगदी समोर. अंगावर तोच फ्रॉक. टाचण्या काढून टाकल्या होत्या, कंबर मी सैल केली तशीच.

बसली, पण चमचा उचलला नाही. मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली,

"काकू, तुम्ही बघणार आहात का?"

मी नाही म्हटलं. आणि मान खाली घालून माझ्याच ताटातला घास घेतला. मग दुसरा घेतला. बराच वेळ नुसता माझ्याच चमच्याचा आवाज येत होता. मग समोरून एक आला. मग लगेच शेजारून काडीचा. मग पुन्हा समोरून. मध्येच काडी खुदकन हसली, का ते मला माहीत आहे, पण मी मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी भातात पडत होतं आणि मी तो भात खात होते.

तुम्ही विचाराल, किती जेवली ती? माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही. मी बघितलं नाही.

तुमची ठकी